मेलेल्या बाईनं पांघरूण घातलं

रविवारी दुपारपर्यंत अर्ध्या जगानं आईंचा हात पाहिला होता आणि उरलेलं अर्धं जग तो एकमेकांना पाठवत बसलं होतं.

धाकटी सून मांडीवर बाळ आणि हातात फोन घेऊन दुकानामागच्या खोलीत बसली होती. खोली कसली, कारखानाच तो. एका भिंतीला पिंजलेल्या कापसाचा ढीग, समोर फोमच्या लाद्या, मधे भलंमोठं मेज आणि मेजावर कडेचे टाके घालायची राहिलेली एक जाडजूड गादी. तिच्याशी सासूबाई झुंजत होत्या. हातात दाभण, नाकावर घसरलेला चष्मा, ओठांत दोऱ्याचं टोक. रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं, पण आईंच्या दाभणाला रविवार ठाऊक नव्हता.

"वाचू का पुढे?" धाकटीनं विचारलं.

"वाच की. कान मोकळेच आहेत माझे."

"'या मालिकेतलं सगळ्यात जिवंत पात्र म्हणजे मेलेली बाई.' पुढचा म्हणतोय, 'मेली तरी बिचारीचं घरकाम काही सुटलं नाही.' आणि हा एक, 'दिग्दर्शक झोपला होता का? मुडद्याला दिसतंय पोरगी कुडकुडतेय, ह्याला दिसत नाही!'"

"ह्याचं मात्र खरं आहे," आई दोरा दातानं तोडत म्हणाल्या.

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, फोमच्या लादीवर आडवा होऊन खिदळत होता. त्याच्या कानाला दुकानाचा फोन चिकटलेला होता. पाच वाजता वाहिनीवर प्रेक्षकांशी थेट गप्पांचा कार्यक्रम होता आणि त्यात आपल्या दुकानाचं नाव जगाला ऐकवायचं असा चंग बांधून तो कधीचा फोन लावून बसला होता. पलीकडून एक बाई त्याला गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगत होती की तुम्ही रांगेत आहात.

"हसताय काय?" धाकटी नवऱ्यावर डाफरली. "मला इथे मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

तसं व्हायला कारण होतं. आईंना मालिकेतल्या मृतांच्या रांगेत झोपवलं होतं तिनंच.

मालिका पुराची होती. पस्तीसेक वर्षांपूर्वी इथल्याच नदीला आलेला तो पूर, ज्याचं नाव काढलं की अजूनही म्हातारी माणसं आवाज खाली आणत. शूटिंगवाल्यांनी शाळेच्या दालनात ओळीनं मांडायच्या मृतांसाठी याच दुकानातून रजया मागवल्या होत्या. त्या पोचवायला आई आणि धाकटी टेंपोतून गेल्या, आणि तिथे पाहतात तो मेलेली माणसंच कमी पडलेली. घायकुतीला आलेला एक सहायक आईंच्या पुढ्यात हात जोडून उभा राहिला. "आजी, जरा झोपता का? नुसतं पडायचंय." आई नाही नाही म्हणत होत्या. धाकटीनंच त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "झोपा ना आई, टीव्हीवर दिसाल!"

आई झोपल्या आणि टीव्हीवर दिसल्या. कालच्या भागात नायिका त्या दालनात नवऱ्याला शोधत हंबरडा फोडते. अख्ख्या मालिकेतला सगळ्यात मोठा प्रसंग. आणि तिच्या मागे, रांगेच्या टोकाला, एका मेलेल्या बाईचा हात उठतो. शेजारच्या चिमुरडीच्या छातीवरून घसरलेली रजई गळ्यापर्यंत ओढतो, हनुवटीला टोचू नये म्हणून काठ आत दुमडतो, वरून हलकेच थोपटतो आणि पुन्हा मरून पडतो. त्यानंतर नायिकेचे अश्रू कुणाला दिसणार होते?

सकाळी दिग्दर्शकाचा फोन येऊन गेला होता. माणूस सभ्य होता, त्यानं आवाज चढवला नाही. तेवढा भाग कापून टाकतोय, संध्याकाळच्या पुनःप्रक्षेपणात दिसणार नाही, पाचच्या कार्यक्रमात प्रेक्षकांची माफीही मागतोय, आजींना म्हणावं मनाला लावून घेऊ नका. आई फोनवर "बरं" म्हणाल्या होत्या. तेवढंच. पण तेव्हापासून त्यांनी एकाच कडेचे टाके दोनदा उसवले होते, आणि धाकटीनं लग्न होऊन आल्यापासून आईंना टाका उसवताना पाहिलं नव्हतं.

अर्ध्या शटरखालून वाकून आत्या आली. आत्या म्हणजे आईंची नणंद, गेलेल्या सासऱ्यांची धाकटी बहीण. गुडघे बोलायचे पण त्याहून जास्त तोंड बोलायचं.

"वहिनी, कुठे आहेस? जिवंत आहेस ना?"

"ये. बस."

"बसते, पण पांघरूण घालू नकोस हो. मला उकडतंय." आत्यानं खुर्चीत बसकण मारली आणि स्वतःच्याच विनोदावर हसून घेतलं. "आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये लोक एकमेकांना थोपटून दाखवतायत. मी म्हटलं, ती माझी भावजय आहे. तर एक जण म्हणतो, सही द्या. अरे, मी कशाला सही देऊ, मी कुठे मेले होते?"

धाकटा मोठ्यानं हसला. आईसुद्धा हसल्या, पण डोळे वर न करता.

"सवय हो, दुसरं काय," आत्या धाकटीकडे वळली. "तुला सांगते, ही आमच्याकडे पाहुणी आली की आधी माझ्या पलंगाची चादर ओढून ताठ करते, मग कशी आहेस विचारते. दुकान अंगात भिनलंय. दिसली रजई की घाल दुमड."

धाकटीलाही काल रात्रीपासून असंच वाटत होतं. दुकानातला हात तो, झोपेत असला तरी काम करणार. पण आत्या हे म्हणाली तेव्हा आईंनी मान हलवली नाही. हो नाही आणि नाहीही नाही. धाकटीच्या ते नजरेत भरलं.

तेवढ्यात शटर कर्रकन पूर्ण वर गेलं. असं शटर वर करून, न वाकता आत येणारं माणूस घरात एकच होतं.

भाऊजी, म्हणजे धाकट्याचे मोठे भाऊ, शाळेचे मुख्याध्यापक होते. रविवारीही कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. आत येऊन त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि वर्गात आल्यावर पसरते तशी शांतता खोलीत पसरली. बाळानंसुद्धा चुळबुळ थांबवली.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्या," धाकटी म्हणाली. "भाऊजी, चूक माझी आहे. आई नको म्हणत होत्या."

"दादा, चूक काय त्यात?" धाकटा लादीवर उठून बसला. "पैसे मोजूनही अशी जाहिरात मिळत नाही. मी तर पाटीवर लिहिणार आहे, आमच्या रजईत मेलेलंही ऊब शोधतं."

"लिहून बघ. पाटी मी स्वतः उतरवीन." भाऊजींनी खुर्ची घेतली नाही. "माझ्या शाळेतली पोरं मला तो तुकडा पाठवतायत. 'सर, या तुमच्या आई ना?' शिक्षकांच्या खोलीत उद्या मी जाईन तेव्हा सगळे टेबलावर पांघरुणं घालून बसलेले असतील. आई, दिग्दर्शक कापतोय ना ते?"

"कापतोय म्हणाला."

"मग झालं. त्याला कापू दे, माफी मागू दे, विषय संपला. कुणी काही विचारायला आलं तर एक अक्षर बोलू नकोस."

"मास्तर म्हणतोय ते बरोबर आहे," आत्या म्हणाली. "चार दिवस हसतील आणि विसरतील."

"आत्या, तू मघाशी सही द्यायला निघाली होतीस!" धाकटा म्हणाला.

"गप रे. तुला सगळ्याचं दुकान करायचं असतं."

धाकटीचं लक्ष मात्र आईंकडे होतं. त्या गादीच्या कोपऱ्याशी वाकल्या होत्या आणि दाभण रिकामंच आत-बाहेर करत होत्या. त्यात दोराच नव्हता.

"आई," तिनं हळूच विचारलं, "तुम्ही का हो हललात?"

"पोरगी कुडकुडत होती गं. दर वेळी सीन घ्यायच्या आधी बादलीभर पाणी ओतायचे तिच्या अंगावर. दात वाजत होते तिचे. मला ऐकू येत होतं."

"पण तुम्ही मेलेल्या होतात ना?"

"होते." आई थांबल्या. "ते चूक म्हणतायत. चूक नव्हती ती."

एवढं बोलून त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मान फिरवली आणि फोमच्या लाद्या किती आहेत ते बघितल्यासारखं करू लागले.

खोलीत काहीतरी होतं, जे त्या दोघांना आणि आत्याला ठाऊक होतं. आत्या एकदा भावजयीकडे, एकदा भाच्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निवळलं. मग ती एकदम उठली. गुडघ्यांची तक्रार न करता.

"नाही. मला नाही पटत हे. मास्तर, मी मघाशी तुझ्या बाजूनं बोलले ते मागे घेते. तू सांग हिला."

"नको गं," आई म्हणाल्या.

"का नको? घरातलीच आहे ती, तिच्या मांडीवर तुझं नातवंड आहे."

"त्याला नको वाटतं तो विषय."

"त्याला नको वाटतं म्हणून तू काल रात्रीपासून जगाचं हसं होऊन बसली आहेस!" आत्या धाकटीकडे वळली. "तुला काय माहीत आहे सांग. मास्तर आपल्याला कसा मिळाला?"

धाकटी चपापली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्यानं कुजबुजत सांगितलं होतं, दादा सख्खा नाही, पुरात सापडलेला आहे, पण या घरात ते बोलायचं नाही. तीही कधी बोलली नव्हती. "पुरात," ती पुटपुटली.

"पुरात नाही. रांगेत." आत्यानं मेजावर हात टेकले. "माझा भाऊ तेव्हा गाद्या शिवायचा. पाणी ओसरल्यावर शाळेत मेलेल्यांना झाकायला चादरी नेऊन देत होता, आणि मी त्याच्यामागे. मी तेव्हा एवढीशी. शेवटच्या ओळीत एक मुलगी ठेवली होती, अठरा-एकोणीसची. निळी पडलेली. नाडी लागत नाही म्हणून ठेवली. शेजारी एक पोर, दीड-दोन वर्षांचं, तेही तसंच. भावानं दोघांवर एक चादर टाकली आणि आम्ही वळलो. आणि मी पाहिलं, त्या मुलीचा हात उठला. डोळे मिटलेले, तोंडातून आवाज नाही. नुसता हात. चाचपडत गेला, पोराच्या अंगावरची चादर वर ओढली आणि पडला. मी किंचाळले. मला वाटलं भूत. भाऊ धावला. तिची बोटं त्या पोराच्या गळ्याशी होती. म्हणून त्यानं पोराच्याही गळ्याला हात लावून बघितला. नाहीतर त्या पोराकडे कोण बघत होतं?"

बाळ झोपेत उसासलं. धाकटीनं ते छातीशी घट्ट धरलं.

"म्हणजे…" धाकटा आ वासून बसला होता. "बाबा आणि आई तिथे भेटले? रांगेत? मला तर सांगितलं होतं दवाखान्यात."

"दवाखान्यात नंतर नेली. रोज जाऊन बसायचा तिच्याजवळ."

"म्हणजे ती हलली नसती तर मीसुद्धा…"

"तू नाहीतर काय आभाळातून पडलास?" आत्या म्हणाली. "हे दुकान, हे मेज, तू, तुझं पोर, सगळं त्या हातानं ओढून आणलंय. आणि लोक म्हणतात मेलेली बाई हलत कशी!"

"मला पोरं ओंडका म्हणायची," भाऊजी म्हणाले.

कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ते अजूनही लाद्यांकडेच बघत होते.

"चौथीत होतो. ओंडका. पुरात वाहून आलेला ओंडका. बाकाखाली पाणी ओतायचे आणि म्हणायचे, पोह. मी ओठ फोडून घरी आलो आणि आईला म्हटलं, पुन्हा कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगितलं," आई म्हणाल्या. "शब्द दिला होता. आजही नाही सांगणार. हसू देत की लोकांना. हसल्यानं काय माझं झिजतंय?" आणि त्यांनी दाभणात दोरा ओवायला घेतला. दोरा दाभणाच्या डोळ्यापाशी जाऊन पुन्हा पुन्हा चुकत राहिला.

धाकटीला तेव्हा सगळं लख्ख कळलं. आईंच्या तोंडात सगळ्या जगाला गप्प करणारं उत्तर होतं, आणि ते त्या दोऱ्याच्या टोकासारखं ओठांत धरून बसल्या होत्या. त्यांना ते सोडता येत नव्हतं. सोडवू शकणारा माणूस चार हातांवर उभा होता आणि त्याला चौथीतली पोरं आठवत होती.

"पाच वाजले," धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. कापसाच्या ढिगावरच्या भिंतीवरचा टीव्ही त्यानं लावला.

निवेदिका नखशिखांत सजलेली होती. शेजारी दिग्दर्शक, ओशाळलेला. मागच्या मोठ्या पडद्यावर आईंचा हात. निवेदिकेनं तो थांबवला, मागे नेला, पुन्हा चालवला. स्टुडिओत बोलावलेले लोक खदखदून हसले.

"तर या आपल्या कालच्या महानायिका!" निवेदिका म्हणाली. "कुणीतरी यांना सांगा हो, मेल्यावर तरी स्वस्थ पडायचं असतं!"

दिग्दर्शकानं माफी मागितली. संकलनात नजरचूक झाली. पडलेली सगळी माणसं व्यावसायिक नव्हती, हौशी होती, त्यांना गांभीर्य कळत नाही. तेवढा भाग आज गाळलेला असेल.

फोन सुरू झाले. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या नवऱ्याला हसता हसता ठसका लागला आणि पाठीत गुद्दे घालावे लागले. एका डॉक्टरांनी मृत शरीरात काय काय हलू शकतं यावर भाषण सुरू केलं आणि निवेदिकेनं त्यांना मधेच कापलं. एक तरुण मात्र चिडलेला होता. "माझे आजोबा गेले होते त्या पुरात. त्यांच्या मरणाची थट्टा करून ठेवली त्या बाईनं."

आणि आईंच्या हातून दाभण खाली पडलं.

त्यांनी ते उचललं नाही. चष्मा काढला, पदरानं काचा पुसल्या, पुन्हा घातला. "थट्टा नाही रे बाबा," त्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या, अगदी हळू, त्या तरुणाला ऐकू जाणार असल्यासारखं. "थट्टा नाही केली मी."

पडद्यावर तो तुकडा पुन्हा चालू होता. भाऊजी पहिल्यांदाच तो एवढा मोठा बघत होते. हात उठला. रजई ओढली गेली. काठ दुमडला. भाऊजींचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला आणि त्यांनी गळ्याजवळचं बटण काढलं.

"हॅलो? हॅलो, हो, मी बोलतोय!" धाकटा टुणकन उठला. "लागला! आपला नंबर लागला! पुढचे आपणच!"

"दे इकडे."

"दादा?"

"दे म्हणतो ना." भाऊजींनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि समोरच्या दुकानात गेले, मांडून ठेवलेल्या गाद्यांमधे, पाठमोरे उभे राहिले. मधलं दार उघडंच होतं. त्यांचा आवाज आधी तिथून आला आणि श्वासभर मागाहून टीव्हीतून.

"नमस्कार. मी शिक्षक आहे. मी तुमची मालिका बघत नाही."

"अं… बघत नाही?" निवेदिका गोंधळली.

"एकही भाग बघितलेला नाही. त्या पुराबद्दलचं काहीही मी आयुष्यात बघितलेलं, वाचलेलं नाही. तो हात मात्र कालपासून बघतोय. तुम्ही सगळे म्हणताय मेलेली बाई हलत नाही. मान्य. पण मेली समजून ठेवलेली हलू शकते. त्या पुरात, त्या शाळेत, शेवटच्या ओळीत, ती खरंच हलली होती. शेजारच्या मुलावर तिनं चादर ओढली. ते कोणाचं मूल आहे, तिला माहीत नव्हतं. ती स्वतः जिवंत आहे हेसुद्धा तिला धड माहीत नव्हतं. तिचा हात हलला म्हणून लोकांनी तिला उचललं, आणि तिची बोटं त्या मुलाच्या गळ्याशी होती म्हणून मुलालाही तपासलं."

दिग्दर्शक पुढे सरकला होता. "सर, हे… हे खरंच घडलंय? म्हणजे, काही पुरावा?"

"पुरावा तुमच्याशी फोनवर बोलतोय."

टीव्हीत कुणी हललं नाही. दुकानामागच्या खोलीतही नाही.

"मला लहानपणी ओंडका म्हणायचे," भाऊजींचा आवाज आला आणि पुन्हा टीव्हीतून आला. "मला त्याची लाज वाटायची, म्हणून माझ्या आईनं ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. आज तुम्ही सगळे हसलात, तरी नाही सांगितली. मघाशी ज्यांचा फोन आला, ज्यांचे आजोबा गेले, त्यांना सांगतो. तुमच्या आजोबांची थट्टा नाही झाली. त्या अख्ख्या मालिकेत त्या रांगेचं खरं फक्त तेवढंच आहे. ते करणारी बाई तेव्हा तिथे होती. कालच्या तुमच्या रांगेतही तीच होती."

"म्हणजे त्या आजी…" निवेदिकेला पुढे बोलता येईना.

"माझी आई. आणि दिग्दर्शक महाशय, माफी मागायचीच असेल तर तिच्या हलण्याची नका मागू. तुमच्याकडे एवढी माणसं, एवढे दिवे, एवढे कॅमेरे, आणि ते पोर थंडीनं कुडकुडतंय हे फक्त मेलेल्या बाईला कळलं. त्याची मागा."

कुणीतरी टाळी वाजवली. मग स्टुडिओतले लोक एकेक करून उभे राहिले. दिग्दर्शकानं दोन्ही हात जोडले, कॅमेऱ्याकडे बघून, आणि म्हणाला, "मी ते कापणार नाही. कुणी सांगितलं तरी नाही."

"आत्ता कसं!" आत्यानं मेजावर अशी थाप मारली की कापूस उडाला.

धाकटीनं आईंकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. चोरी न करता पकडलेलं आणि तितक्याच अचानक सोडून दिलेलं माणूस दिसेल तशा दिसत होत्या.

"शब्द माझा होता हं," त्या धाकटीला म्हणाल्या. "मी नाही मोडला. त्यानं मोडला."

भाऊजी दारात येऊन उभे राहिले. गळा उघडा, केस विस्कटलेले. धाकट्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, एवढं बोललास, दुकानाचं नाव तेवढं राहिलं."

आणि भाऊजी हसले. धाकटीनं त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, पोट धरून, दाराच्या चौकटीला टेकून.

फोन वाजू लागले ते थांबेनात. धाकटी एक घेई तो दुसरा वाजे. वाहिनीकडून मघाच्या चिडलेल्या तरुणाचा निरोप आला, आजींना माझा नमस्कार सांगा. पोरीचं काम करणाऱ्या चिमुरडीची आई बोलली. म्हणाली, लेक त्या दिवसापासून सांगतेय की मेलेल्या आजी छान आहेत, आम्हालाच कळत नव्हतं. भाऊजींच्या शाळेतून कुणीतरी पाठवलं होतं, 'सर, तुमच्या आई एकदा शाळेत येतील का?' भाऊजींनी तो निरोप दोनदा वाचला आणि फोन खिशात ठेवला.

पुनःप्रक्षेपणाच्या वेळेपर्यंत गल्ली दुकानात घुसली होती. समोरचा औषधवाला, कोपऱ्यावरची घड्याळं दुरुस्त करणारी बाई, वरच्या मजल्यावरचं भाडेकरू जोडपं, कधी गादी न घेता नुसती दाबून जाणारी सगळी गिऱ्हाइकं. धाकट्यानं टीव्ही भिंतीवरून काढून पुढे आणला. बसायला जागा नव्हती म्हणून लोक विकायच्या गाद्यांवर बसले, प्लास्टिक कराकरा वाजवत, आणि आई काही म्हणाल्या नाहीत. नायिकेनं हंबरडा फोडला तरी तिच्याकडे कुणी बघेना. सगळे मागच्या रांगेचं टोक न्याहाळत होते. हात उठला आणि दुकानात अशी आरोळी उठली की बाळ दचकून जागं झालं आणि त्यानंही सूर लावला.

"पण खरं काय झालं होतं हो?" घड्याळवाली बाई विचारत होती. "पहिल्यापासून सांगा ना."

आई गप्प झाल्या. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी एका स्प्रिंगच्या गादीवर, औषधवाल्याच्या शेजारी, मांडी घालून बसले होते.

"सांग की," ते म्हणाले.

मग आईंनी खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि सुरुवात केली. आधी पाणी कसं आलं. मग छप्पर कसं गेलं. धाकटीला वाटलं होतं त्या अडखळतील, पण त्या सांगत सुटल्या, हातवारे करत, पाण्याचा आवाज काढून दाखवत. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांनी मनातल्या मनात किती वेळा घोळवली असेल ते त्यांच्या एकेका शब्दाला झालेल्या पॉलिशवरून कळत होतं. लोक हूं का चूं करीत नव्हते. आत्या अधूनमधून "हो, मी होते तिथे" असं म्हणून साक्ष देत होती.

"…आणि मी हात लावला तर पोर बर्फासारखं गार. पण मी रजई ओढली मात्र, यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून असा हसला, सगळे दात दिसले!"

"आई," भाऊजी गादीवरून म्हणाले, मुख्याध्यापकांच्या आवाजात, "काहीतरीच सांगू नकोस. रजई नव्हती, चादर होती. आणि मी हसलो कशाला असेन? मी तर बेशुद्ध होतो."

"मग तू गप्प बस," आई म्हणाल्या. "बेशुद्ध होतास ना? तुला काय माहीत. जागी मी होते."

आणि भरल्या दुकानाकडे वळून त्यांनी गोष्ट पुढे सुरू केली.